मदत हवी आहे : इ.स. १२९६ च्या घटना, जन्म आणि मृत्यू – तारखा जुळत नाहीत

प्रश्न :
इ.स. १२९६ या एका वर्षाची यादी करायला घेतली आहे. तीन ठिकाणी गाडी अडली आहे.
१) ज्ञानेश्वर माउलींची समाधी कुठे २५ ऑक्टोबर, तर कुठे १ नोव्हेंबर दिसते.
२) अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९४ ची की १२९६ ची?
३) चारही भावंडं याच वर्षात घालायची का? शिवाय जन्मांचा रकाना जवळजवळ रिकामा आहे.

प्रतिसाद १ :
समाधीची तिथी शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, गुरुवार. आधी शक बरोबर आहे का ते पाहा. शकात १२ मिळवून ६० ने भागा : १२३० भागिले ६०, बाकी ३०. साठ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला संवत्सर म्हणतात. पहिल्या, प्रभवापासून तिसावं संवत्सर दुर्मुख, म्हणजे शके १२१८ ला संवत्सर दुर्मुखच हवं. दुसरं नाव आलं तर कुणीतरी गत शक (पूर्ण झालेली वर्षं) आणि वर्तमान शक (चालू वर्ष) यांची गल्लत केली आहे आणि तुम्ही एका वर्षाने चुकाल.

मग शकात ७८ मिळवा. कार्तिकाला हे बिनधोक चालतं. पौष-माघाच्या आसपास इंग्रजी वर्ष बदलतं, तिथे ७८ की ७९ हे तारीख काढूनच ठरवा. त्या तिथीची तारीख येते २५ ऑक्टोबर १२९६. ही ज्युलियन, म्हणजे ग्रेगोरियनच्या आधीच्या युरोपीय कॅलेंडरची तारीख, आणि वार गुरुवारच येतो. काही संगणकीय परिवर्तकं आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर मागे ताणतात. तेराव्या शतकात दोन्हींत ७ दिवसांचा फरक आहे, म्हणून १ नोव्हेंबर दिसतो. दिवस एकच. यादीत २५ ऑक्टोबर ठेवा, कारण युरोपच्या त्या काळातल्या तारखाही ज्युलियनच असतात.

उत्तरेकडचं पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपवणारं) पंचांग मात्र वापरू नका. त्यातला कार्तिक कृष्ण पक्ष म्हणजे आपला आश्विन वद्य. थेट महिनाभर मागे जाल.

प्रतिसाद २ :
देवगिरी १२९६ च. जुन्या पुस्तकांतून १२९४ अजून फिरतंय. हिजरी ६९५ हे १० नोव्हेंबर १२९५ ते २९ ऑक्टोबर १२९६ असं पसरलं आहे, त्यामुळे नुसतं ‘६९५’ पाहून वर्ष लिहू नका, महिना हवाच. अल्लाउद्दीन फेब्रुवारीअखेर कडा या उत्तरेतल्या ठाण्याहून निघाला आणि जूनच्या सुरुवातीला परतला. १७ रमजानला, म्हणजे १९ जुलैला, त्याचा काका आणि सासरा असलेल्या सुलतान जलालुद्दीनचा खून झाला. २२ जिल्हेजला, २१ ऑक्टोबर १२९६ रोजी, तो दिल्लीत तख्तावर बसला. म्हणजे माउलींच्या समाधीच्या अवघे चार दिवस आधी! यादीत या दोन नोंदी लागोपाठ येऊ द्या.

‘यादवांचा अंत’ असं मात्र लिहू नका. देवगिरीचा यादव राजा रामदेवराव खंडणी देऊन गादीवर राहिला.

प्रतिसाद ३ :
भावंडांपैकी सोपानदेवच या वर्षात : सासवड, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, शके १२१८. मुक्ताबाई (वैशाख वद्य द्वादशी) आणि निवृत्तिनाथ (ज्येष्ठ वद्य एकादशी) शके १२१९ चे. त्यांची जागा १२९७ मध्ये.

बाहेरच्या पक्क्या नोंदी : ८ फेब्रुवारीला पोलंडचा राजा प्शेमिस्ल दुसरा मारला गेला. ३० मार्चला इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडचं बेरिक शहर लुटलं, २७ एप्रिलला तिथलीच डनबारची लढाई. १९ मे रोजी पदत्याग केलेले पोप पाचवे सेलेस्टीन वारले. ऑगस्टमध्ये चिनी वकिलातीबरोबर चौ ता-क्वान कंबोडियातल्या अंकोरला पोचला.

इंग्लंडच्या कागदपत्रांत वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारी ते २४ मार्चपर्यंतच्या मूळ नोंदीवर १२९५ दिसेल, ते बदलून घ्या. बेरिकला ही अडचण नाही.

जन्मांत १० ऑगस्ट, बोहेमियाचा राजा जॉन, एवढी एक नोंद निर्धास्त घाला. त्या काळी राजघराण्यांतसुद्धा जन्मतारीख क्वचितच लिहून ठेवत. मृत्यूच्या वयावरून मागे मोजलेली वर्षं ‘सुमारे’ लावूनच द्या, नाहीतर त्या रकान्यात घेऊच नका.