विधिमंडळ कागदमुक्त झालं म्हणजे नेमकं काय झालं?

पुरवणी_मागणी
हिमाचल प्रदेश विधानसभा २०१४ मध्ये कागदमुक्त झाली, २०२२ मध्ये नागालँडनं 'नेवा' म्हणजे नॅशनल ई-विधान ॲप्लिकेशन ही सभागृहाचं कामकाज संगणकावर चालवणारी केंद्राची प्रणाली राबवलं, २०२५ मध्ये दिल्ली विधानसभाही त्यात आली. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस राज्याचा. ईशान्येकडच्या आणि डोंगरी राज्यांना नव्वद-दहा. प्रत्येक वेळी फोटो एकच: बाकावर टॅबलेट, मागे हसणारे सदस्य. आणि बातमीत इतके टन कागद वाचला, इतकी झाडं वाचली.

माझं म्हणणं, कागद वाचवणं हा यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. आमदाराचं खरं काम पैसा कुठे गेला हे विचारण्याचं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं आधीच संगणकावर आहे. अर्थसंकल्पात शालेय शिक्षणाची मागणी (म्हणजे सभागृहाकडे मंजुरीसाठी मांडलेला खर्च) ई-२, तिच्याखाली प्रत्येक योजनेला आठ स्थानांचा संकेतांक. निधीचं वाटप 'बीम्स' प्रणालीवर. शासन निर्णयाला अठरा अंकी संगणक संकेतांक, त्यातले पहिले आठ अंक म्हणजे तारीख. इथपर्यंत साखळी जुळते. पुढे सभागृहात त्याच योजनेवर तारांकित प्रश्न (ज्यावर सभागृहात तोंडी उपप्रश्न विचारता येतात तो) येतो, उत्तर छापलं जातं, आणि त्या उत्तरावर यातला एकही आकडा नसतो. साखळी तिथे तुटते.

मागणी एवढीच: प्रत्येक लेखी उत्तराच्या तळाशी योजना संकेतांक आणि संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक सक्तीचा करा. मग गडचिरोलीच्या आमदाराला एका शाळाखोलीची मागणी, तरतूद, निर्णय आणि गेल्या पाच वर्षांतली उत्तरं एकाखाली एक दिसतील. टॅबलेट द्या न द्या.

कागदच_बरा
साफ असहमत. अडचण संकेतांकाची नाही, वेळेची आहे. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेला जादा खर्च, अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर येतात आणि चर्चा-मतदान त्याच अधिवेशनात उरकतं. शेकडो पानं, हातात मोजके दिवस. हीच पानं पीडीएफ करून दिल्यानं आमदाराचा दिवस तीस तासांचा होत नाही.

उलट नुकसानच. अर्थसंकल्प वाचणारा माणूस चार पुस्तकं एकाच वेळी उघडी ठेवतो: मागणीचं, योजनेचं, मागच्या वर्षीच्या सुधारित अंदाजाचं आणि लेखापरीक्षणाचं. दहा इंची पडद्यावर हे करून दाखवा.

दुसरं, वाटलेला कागद मागे घेता येत नाही. संकेतस्थळावरची फाइल त्याच पत्त्यावर रात्रीत बदलली, तर सकाळी कोणाला कळणार? छापील प्रत ही विरोधी पक्षाची पावती असते साहेब.

शुद्धिपत्र
पावतीचा मुद्दा रास्त आहे, पण उपाय कागद हाच नाही. पटलावर ठेवलेल्या प्रत्येक फाइलला डिजिटल सही, ठेवल्याची वेळ आणि आवृत्ती क्रमांक द्यायचा. बदल झाला तर जुनी फाइल काढायची नाही, खाली शुद्धिपत्र जोडायचं. छापखान्याच्या काळापासून हीच शिस्त आहे.

वेळेचं म्हणाल, तर तिथेच तंत्रज्ञान कामाचं आहे. सुधारणा विधेयक कसं येतं ते आठवा: "मुख्य अधिनियमाच्या कलम ७ च्या पोट-कलम (२) मधील 'तीस दिवसांच्या आत' या मजकुराऐवजी 'साठ दिवसांच्या आत' हा मजकूर दाखल करण्यात येईल." अशी चाळीस कलमं. मूळ कायदा शेजारी नसेल तर यातून काहीही कळत नाही, आणि मूळ कायद्यातही आधी सहा सुधारणा झालेल्या असतात. मजकूर कलम-पोटकलमांच्या खुणांसह साठवला, तर यंत्र काही सेकंदांत दोन रकाने करून देतं: डावीकडे आजचा कायदा, उजवीकडे विधेयक मंजूर झाल्यास होणारा. यासाठी 'अकोमा न्तोसो' नावाची खुली रचना आहे. आफ्रिकेतल्या संसदांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्पातून ती निघाली आणि २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. आपल्याकडे मात्र विधेयकाची पीडीएफ बनवली की काम झालं असं समजतात. तिच्यातून कलमं वेगळी काढणं म्हणजे भेळेतून शेव वेचणं.

आवाजी_मतदान
तुम्ही तिघंही यंत्रावर भांडताय. सभागृह मुळात किती दिवस बसतं? महालेखापरीक्षकांचे अहवाल किती वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात? विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं की कोणत्या आमदारानं काय मत दिलं याची नोंदच उरत नाही. लोकसभेत मत नोंदवणारं यंत्र १९५७ पासून आहे, तरी मतविभागणी (प्रत्येकाचं मत मोजून नोंदवणं) मागितल्याशिवाय ते चालत नाही. यंत्र होतं म्हणून सवय बदलली का?

आणि पासवर्ड. २०२३ च्या डिसेंबरात संसदेच्या पोर्टलचा लॉगिन दुसऱ्याच्या हाती दिल्याच्या प्रकरणात एका खासदाराचं सदस्यत्व गेलं. प्रश्न टंकून पाठवण्याचं काम बहुधा स्वीय सहायकच करतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग सहायकासाठी मसुदा करण्यापुरता वेगळा लॉगिन आणि सदस्याच्या मोबाइलवर ओटीपी आल्याशिवाय सूचना दाखल होणार नाही, एवढी साधी सोय पहिल्या दिवशी हवी होती.

जनतेच्या सूचनांचंही तेच. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. विधेयक जुलै २०२५ मध्ये मंजूर झालं. ई-मेलनं सूचना मागवणं फुकट आहे, वाचणं नाही. एकाच मजकुराची हजार पत्रं येतात, त्यांत एखाद्या वकिलानं कलमवार लिहिलेलं टिपण बुडून जातं. अर्जातच 'कोणत्या कलमाबद्दल?' हा रकाना सक्तीचा ठेवला तर निम्मी वर्गवारी पाठवणाराच करून देतो.

अर्धा_र
राजकारण तुम्ही बघा, मी एका अक्षराबद्दल लिहितो. 'शेतकऱ्यांना' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. एकात 'ऱ' हे नुक्त्याचं अक्षर, हलन्त आणि 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, न दिसणारा जोडक आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण शोधखिडकीला ते दोन निराळे शब्द वाटतात. एका कक्षाचा कळफलक एक, दुसऱ्याचा दुसरा, म्हणजे कर्जमाफीवरची काही उत्तरं सापडतात आणि काही गायब. 'ॲप'मधल्या 'ॲ'चीही हीच गत. जुन्या फाँटांतली किंवा नुसती स्कॅन केलेली पानं तर शोधात येतच नाहीत.

उपाय स्वस्त आहे. मूळ मजकुराला हात लावायचा नाही. शोधासाठीची सूची बनवताना दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची, आणि वापरणाऱ्याने टंकलेला शब्दही त्याच चाळणीतून न्यायचा. थोड्या ओळींचं काम. पण निविदेत 'मराठी शोध' असे दोनच शब्द लिहिले, तर पुरवठादार 'महाराष्ट्र' शोधून दाखवणार आणि बिल मंजूर करून घेणार. चाचणीच्या यादीत 'शेतकऱ्यांना', 'दऱ्याखोऱ्यांतील' आणि 'ॲम्ब्युलन्स' हे तीन शब्द घाला.

कागदच_बरा
हे मान्य, एकदम मान्य. पण मूळ धाग्यातला संकेतांक भरणार कोण? प्रश्न मंत्रालयात आला की माहिती तालुक्याकडून जिल्ह्याकडे, तिथून विभागाकडे, मग कक्ष अधिकारी, सचिव, मंत्री असा प्रवास असतो. तालुक्याला योजनेचं बोलीतलं नाव माहीत असतं, संकेतांक नाही. सक्ती केलीत तर घाईत कोणताही आकडा भरला जाईल. चुकीचा संकेतांक कोऱ्या रकान्यापेक्षा वाईट. कोरा निदान खोटं बोलत नाही.

पुरवणी_मागणी
बरोबर. म्हणून टंकायला द्यायचाच नाही, यादीतून निवडायचा. यादी अर्थसंकल्पातूनच येईल आणि त्या विभागाच्या मागणीपुरतीच दिसेल. निवड तालुक्यानं नाही, कक्ष अधिकाऱ्यानं करायची. देयकं काढताना त्याच्या कार्यालयाला तो आकडा लागतोच.

आश्वासनांबद्दल कोणीच बोललं नाही. संसदेत मंत्र्यानं "माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल" म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यासाठी केंद्रात २०१८ पासून ऑनलाइन पाठपुरावा प्रणाली आहे. मुदतवाढ किती वेळा घेतली हे तिथे लपत नाही. राज्यांनी टॅबलेटच्या आधी हे उचलायला हवं होतं.

आवाजी_मतदान
आणि उत्तराची भाषा? "(१) हे अंशतः खरे आहे. (२) चौकशी सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही." याला अठरा अंकी संकेतांक लावला तरी त्यातून आमदाराला काय मिळणार?

शुद्धिपत्र
बरंच मिळेल. ही भाषा इतकी ठोकळेबाज आहे की यंत्राला ती माणसापेक्षा लवकर वाचता येते. दहा वर्षांची उत्तरं विभागवार लावा आणि 'अंशतः खरे' कुठे किती वेळा आलंय ते मोजा. 'चौकशी सुरू आहे' असं सांगितलेल्या विषयावर पुढच्या अधिवेशनात पुन्हा प्रश्न आला होता का, आणि तेव्हाही चौकशी सुरूच होती का, तेही बघा. तो तक्ता घेऊन एखादा सदस्य उपप्रश्नाला उभा राहिला, तर 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणणं मंत्र्यांना जड जाईल.