जळगावकडची भरताची वांगी ठाणे-नवी मुंबईत मिळतात का? (काळी वांगी सुचवू नका)

फैजपूरची_लेक, ऐरोली

नमस्कार मंडळी. चंपाषष्ठी जवळ आली की माझी दरवर्षीची शोधमोहीम सुरू होते. आमच्या घरी चातुर्मासात वांगं शिजत नाही. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा आणि मग वांगं खायला मोकळं व्हायचं. इथे सगळं नीट पार पडतं, फक्त वांगं चुकीचं असतं.

आधी काय नको ते सांगते. आमच्या सेक्टरच्या नाक्यावर जी मोठी, काळी-जांभळी, चकचकीत वांगी मिळतात ती नकोत. त्यांचं भरीत होतं, पण पाणी सुटतं, रंग मळकट येतो आणि बिया दाताखाली येतात. मला हवीत ती फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेषा असलेली. बामणोद, आसोदा भागातली. एकेक वांगं सहज अर्धा किलो भरतं. साल पातळ, आत गर पांढरा, बिया नावापुरत्या. २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस अभिनंदन चाललं होतं. ऐरोलीच्या मंडईत काही ते मानांकन पोचलेलं नाही.

हॉटेलं सुचवणार असाल तर थांबा. ‘अस्सल खान्देशी’ अशा पाट्या हल्ली ठाण्यापासून पनवेलपर्यंत आहेत, आणि त्यांची शेवभाजी बरी असते, मी नाव ठेवणार नाही. शेव आणि काळा मसाला पिशवीत घालून आणता येतो. भरताचं तसं होत नाही. एका ठिकाणी मागवलं तर टोमॅटो, गरम मसाला आणि वरून बटरची वडी! सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “हे ज्याने केलंय त्यालाच खाऊ घाला.”

तर प्रश्न दोन. वाशीच्या एपीएमसीत किंवा ठाण्याला जांभळी नाक्यावर ही वांगी कुणी पाहिलीत का? आणि मिळाली तर भाजायची कशावर? आमच्याकडे कपाशीच्या नाहीतर तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. त्या धुराशिवाय भरताला चव नाही. गच्चीवर जाळ करू का म्हणून विचारलं तर सेक्रेटरी काकांनी थेट सोलर पॅनलकडे बोट दाखवलं.

पाचपाखाडीची_सुगरण

जांभळी नाक्याला मी आठवड्यातून दोनदा तरी असते. लांबट हिरवी वांगी येतात, पण तुम्ही म्हणता तसली नाहीत पाहिली. कल्याणला स्टेशनजवळ लक्ष्मी मार्केटमध्ये विचारून बघा, त्या बाजूला जळगाव-धुळ्याकडची बरीच वस्ती आहे.

तुमचं दुःख कळलं, कारण आमच्या घरी अगदी उलटी तक्रार आहे. लेक पुण्याला असते आणि जून उजाडला की तिचा फोन येतो, “आई, शेवळं आली का?” आम्ही सीकेपी. पहिल्या पावसाच्या आगेमागे शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन येतात. ठाणे स्टेशनच्या बाहेर फुटपाथवर बसतात, समोर जुड्या मांडलेल्या आणि बाजूला काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, छोटा ढीग. काकडं घेतल्याशिवाय शेवळं घ्यायची नाहीत. शेवळं खाजरी असतात, काकडाचं आंबट पाणी घातलं नाही तर घसा धरतो. जुडी सोडून एकेक कोंब उघडायचा, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं, तेलावर चांगलं परतायचं आणि मग खिमा किंवा कोळंबी. वर्षातले थोडे दिवस मिळतात, पुढे नाव नाही. पुण्यात कुणाला विचारलं तर शेवग्याच्या शेंगा दाखवतात म्हणे!

वांग्यांचं कळलं तर इथे लिहीनच.

वऱ्हाडी_घोडबंदर

एपीएमसीचं सांगतो, कारण भाचा तिथे माथाडीत आहे. भाजीपाला मार्केट म्हणजे घाऊक काम. रात्री गाड्या लागतात, पहाटे माल उठतो, आणि दोन किलो वांग्यांसाठी तुमच्याकडे कोणी बघणार पण नाही. घ्यायचीच तर किरकोळवाल्याला धरा आणि त्याला आणायला सांगा. पण त्यालाही ओळखता आली पाहिजेत न!

आणि ताई, तुम्हाला निदान बटर लावलेलं भरीत तरी मिळालं. मला इथं सावजीच्या नावाखाली जे दिलं ते लाल रंगाचं गोड पाणी होतं. सावजी खाऊन कानातून धूर नाही निघाला तर पैसे कशाचे? रोडगे तर विसराच. भाजायला गोवऱ्यांचे निखारे कुठून आणायचे घोडबंदरला? त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मलाही हवं आहे.

गोठिवलीचा_आगरी

जाळाचं उत्तर माझ्याकडे आहे. वांग्याचं नाही.

आम्ही इथले मूळचे. थंडी पडली की आमच्याकडे पोपटी लागते. रायगडात सगळीकडे लागते, आमच्या पट्ट्यातही पूर्वीपासून आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला. त्यावर गावठी वालाच्या शेंगा, न सोललेल्या, जाडं मीठ आणि ओवा भुरभुरायचा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी. कोंबडी घालायची तर मसाला लावून केळीच्या पानात बांधून. मग पुन्हा शेंगा आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च दाबून बसवायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं उपडं ठेवायचं, चहूबाजूंनी पेंढा, सुक्या काटक्या, गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. अर्धा-पाऊण तासाने तापलेल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा. चर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडालं की झाली पोपटी. भांबुर्डीचा वास शेंगेच्या आतल्या दाण्यापर्यंत उतरलेला असतो. तो वास ओव्हनमध्ये येत नाही, ज्यांना आणायचाय त्यांनी आणून दाखवा.

लोक आता रिसॉर्टमध्ये पैसे देऊन पोपटी खातात. मी एकदा गेलो होतो नातेवाइकांबरोबर. भांबुर्डीच्या जागी कोबीची पानं! मी काही बोललो नाही, बायकोने हात दाबला होता.

भांबुर्डी कमी झाली हे खरंच आहे. ती उगवते भात कापून झालेल्या शेतात आणि बांधावर. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आमचीही गेली. जिथे आजोबा वाल पेरायचे तिथे आता पार्किंग आहे. मी पाला आणायला पेणच्या बाजूला जातो, मेव्हण्याच्या शेतावर.

आता मुद्दा. आमच्या घरामागे गावठाणात अजून थोडी मोकळी जागा आहे, पोपटी तिथेच लावतो. ताई, तुम्ही वांगी आणा, काटक्या मी देतो. कपाशीच्या नसतील, सुबाभळीच्या असतील. चालतील का ते तुम्ही सांगा.

फैजपूरची_लेक, ऐरोली

दादा, चालतील काय, धावतील! सुबाभळीचा धूर जरा उग्र येईल, पण गॅसपेक्षा शंभरपट बरा. गॅसवर वांगं वरून करपतं आणि देठाशी कच्चं राहतं. काड्यांचा जाळ भपकन उठतो आणि लगेच बसतो, त्यामुळे वांगं सारखं फिरवत राहावं लागतं, आणि म्हणूनच ते सगळीकडून सारखं शिजतं. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या होतात तेव्हा हे काम पुरुषांकडे असतं. वर्षभर चुलीकडे न फिरकणारे काका त्या दिवशी डोळे चोळत वांगी उलटत असतात आणि वर सगळ्यांना शिकवतात.

सुगरणताई, शेवळं मी स्टेशनबाहेर पाहिली आहेत आणि दरवेळी हे काय म्हणून पुढे गेले आहे. येत्या जूनला घेणार, काकडांसकट. खिमा घालणार नाही, आम्ही शाकाहारी. नुसती परतून करतात का?

भुसावळ_टू_डोंबिवली

आठ वर्षं हाच प्रश्न मलाही होता, आता नाही. कच्ची वांगी मागवायचा नाद सोडा. अंगाला जरा मार लागला की आतून तांबूस पडतात. रेल्वेत कोणी ना कोणी त्या पिशवीवर बसतंच.

जळगाव-भुसावळला थंडीत जागोजागी भरीत सेंटर लागतात. तिथे वांगी काड्यांवर भाजून, सोलून, लाकडी बडगीत ठेचून किलोवर विकतात. तयार भरीतही देतात, पण तुम्ही फोडणी न दिलेलं घ्यायचं. नुसता ठेचलेला गर. स्टीलच्या डब्यात गार करून भरायचा, गरम भरला तर घाम सुटून आंबतो. माझा भाऊ रात्री जळगावला अमरावती एक्सप्रेसमध्ये ओळखीच्या कोणाकडे डबा देतो, पहाटे गाडी कल्याणला येते, पुढे ठाण्याला. डिसेंबर-जानेवारीत रात्रभरात काही होत नाही. फेब्रुवारीनंतर हा उद्योग करू नका.

घरी आल्यावर लगेच फोडणी. धूर गरात आधीच उतरलेला असतो, त्यामुळे तुमचा गच्चीचा प्रश्नही मिटला.

फैजपूरची_लेक, ऐरोली

हे मला कसं सुचलं नाही! म्हणजे भाऊ मला कच्ची पाठवायला तयार असतो, पण तुम्ही म्हणता तेच होतं, निम्मी फेकावी लागतात. आजच त्याला फोन करते. चंपाषष्ठीच्या नैवेद्याला मात्र बाहेरचं ठेचलेलं सासूबाईंना चालणार नाही. त्यासाठी दोन-चार कच्ची वांगी वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळी मागवीन आणि गोठिवलीला येईन. ती नैवेद्याची, कांदा-लसूण न घालता. बाकीचं डब्यातलं.

इतक्या जणांनी वैयक्तिक निरोपात कृती विचारली म्हणून इथेच लिहिते. प्रमाण विचारू नका, वांगं बघून ठरतं. हिरव्या मिरच्या थोड्या तेलात परतून लसणाबरोबर जाडसर ठेचायच्या. लाल तिखट, हळद, टोमॅटो, गरम मसाला, यातलं काही नाही. भरीत पांढरट-हिरवंच दिसलं पाहिजे. कढईत तेल घाला, मग तुम्हाला वाटेल की जास्त झालं, तेव्हा अजून थोडं घाला. त्यात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळून घ्यायचे, मोहरी-जिरं, मग कांद्याची पात भरपूर, मग ठेचा, मग गर. पात पुरती शिजू द्यायची नाही, कचकच राहिली पाहिजे. वरून कोथिंबीर. गर घातल्यावर झाकण ठेवलं तर पाणी सुटेल, ठेवू नका.

खायचं कळण्याच्या पुरीशी. पोळीशी खाणाऱ्याला मी अडवणार नाही, पण वाढणारही नाही.

वऱ्हाडी_घोडबंदर

कळण्याचं पीठ इथं कुठं मिळतं? आमच्याकडे ज्वारीची नुसती भाकरी. बायको विचारतेय.

फैजपूरची_लेक, ऐरोली

तयार घेऊ नका, दळून घ्या. ज्वारीत काळे उडीद सालासकट आणि खडेमीठ. माझं प्रमाण ज्वारी चार वाट्या, उडीद एक वाटी, काही जणी उडीद जास्त घेतात. गिरणीवाल्याला सांगायचं की ज्वारीवर ज्वारी टाक, गव्हावर नको. ऐकत नाहीत, उभं राहावं लागतं. भाकरी थापताना उडदामुळे पीठ चिकट येतं, त्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा सोपी जाते. पुऱ्यांना पीठ घट्ट भिजवा आणि लगेच लाटा.

पाचपाखाडीची_सुगरण

शेवळं शाकाहारी पण होतात, खिम्याच्या जागी डाळ घालून. वालाची किंवा चण्याची, भिजवलेली. काकडं ठेचून, पाण्यात कोळून, ते पाणी गाळून घालायचं. नव्याने करत असाल तर पहिल्यांदा थोडीच करा आणि परतताना तेलाला हात आखडू नका, तुम्हाला तर ती सवय आहेच.

गोठिवलीचे दादा, पोपटी शाकाहारी मडक्यात वेगळी लावता का? आम्ही दोघी-तिघी येऊ म्हणतो. शेंगा जांभळी नाक्यावरून मी आणीन, गावठी वाल आला की कळवते.

गोठिवलीचा_आगरी

मडकी दोन लावू. शेंगा आणा, पण आदल्या दिवशी नाही, त्याच सकाळी. शिळ्या शेंगेला पोपटीत सुरकुती पडते. तारीख मार्गशीर्षातले गुरुवार सोडून ठरवा, नाहीतर आमच्या घरातल्या बायका कोंबडीवाल्या मडक्याकडे फिरकणार नाहीत.