हाली सातशे म्हणजे कलदार किती?

काकू, पुणे: (फॉरवर्ड) १९४७ साली १ रुपया = १ डॉलर होता! आज कुठे आलो आपण? सर्वांना पाठवा.

दादा, न्यू जर्सी: इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरही सकाळपासून हेच फिरतंय. तात्या, खरं आहे का?

तात्या, लातूर: नाही बाबा. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता. रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे एका पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै. पौंडाचे डॉलर यायचे ४.०३. भागून बघ, डॉलर ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास येतो. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडनं पौंड २.८० डॉलरवर आणला, आपणही रुपया तेवढाच उतरवला, तेव्हा डॉलर ४.७६ झाला. ६ जून १९६६ ला ७.५०. एकास एक हे कुणीतरी मनानंच लिहिलंय.

काकू, पुणे: अगंबाई. मी तर दोन ग्रुपवर टाकलं. काढते.

तात्या, लातूर: आणि आपल्या घरात १९४७ साली तो रुपया मुळी आपल्या राज्याचा रुपयाच नव्हता. आपण निजामाच्या मुलखात. आपला रुपया वेगळा, हाली सिक्का. इंग्रजी मुलखातला तो कलदार.

छकुली, पुणे: तात्या, मी पाहिलीय ती नोट, उर्दूत छापलेली! पण किंमत मराठी, तेलुगू, कानडीतही आहे. नाण्यावर चारमिनार आहे.

दादा, न्यू जर्सी: मग या दोन रुपयांचाही आपसात दर असणार?

तात्या, लातूर: होता तर. सात हालीला सहा कलदार. आणि हा दर हवेतून आलेला नव्हता. जुना चांदीचा हाली रुपया ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के. कलदार ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के. सात हालीतली चांदी कर, सहा कलदारातली कर.

छकुली, पुणे: ६४ ग्रॅम. आणि दुसरीकडे ६४.१!! अंगावर काटा आला.

तात्या, लातूर: पुढं दोन्हीकडं चांदी कमी झाली, पण दर तोच राहिला. १९४८ ची पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य भारतात आलं, त्यानंतरसुद्धा काही वर्षं हाली आणि कलदार शेजारी शेजारी चालले, सातास सहानंच.

आत्या, बार्शी: (मी सांगायलेय, नातू टाइप करायलाय) मला चांगलं आठवतं. आजोळी बार्शीला यायचं तर लातूरहून छोट्या लाइनीची गाडी. बाबांच्या धोतराच्या सोग्याला दोन गाठी असायच्या, एका गाठीत हाली, दुसऱ्या गाठीत कलदार. बार्शी इंग्रजी मुलखात, तिथं दुकानात हाली पुढं केला की सराफाकडं जा म्हणायचे. सराफ बट्टा कापून कलदार द्यायचा. ४७ च्या शेवटाला तर उलटंच झालं. निजाम सरकारनं हुकूम काढला, आपल्या राज्यात हिंदुस्थानचा रुपया चालायचा नाही. निजाम आणि हिंदुस्थान सरकारचा जैसे थे करार होऊन फार दिवस झाले नव्हते. बाबा परत येताना दुसरी गाठ रिकामी करूनच गाडीत बसायचे.

छकुली, पुणे: आत्या, थांबा. मला एक विचारायचंय. पेटीतला विक्रीचा कागद मी परवा उर्दू येणाऱ्या एका वकिलांकडून वाचून घेतला. ओढ्याकाठचं शेत विकल्याचा, साल फसली १३५२, म्हणजे निजामाच्या राज्यातलं सरकारी साल. फसलीत ५९० मिळवायचे म्हणाले, म्हणजे १९४२-४३. रक्कम ७०० आहे, आणि पुढं शब्द आहे, मी नीट विचारून घेतला, "सिक्का हाली".

काकू, पुणे: ओढ्याकाठचं शेत? ज्याचे शंभर रुपये बापूकाकांनी...

तात्या, लातूर: काकू, तेवढंच लिहा. लेकरांना ठाऊक नाही, मी सांगतो. आजोबांनी शेत विकून ते पैसे धाकट्या भावाच्या, बापूकाकांच्या हाती बार्शीच्या सावकाराला पाठवले. सावकाराच्या पावतीवर ६०० होते. १९६० नंतर वाटणी झाली तेव्हा दोन्ही कागद पुढं आले. ७०० आणि ६००. तेव्हा सगळा व्यवहार नव्या पैशांत होता, उर्दू कागद वाचणारं घरात कुणी नव्हतं, आकडा तेवढा वाचला. शंभर कुठं गेले असं भर बैठकीत विचारलं. बापूकाका उठून गेले. त्यानंतर त्यांच्या घरचं कुणी आपल्या कार्याला आलं नाही.

दादा, न्यू जर्सी: ७०० भागिले ७ गुणिले ६. ६००. तात्या, पै न पै पोचलेली आहे.

छकुली, पुणे: पावती बार्शीची, म्हणजे कलदारातच असणार ना?

तात्या, लातूर: बार्शीतला सावकार कलदारातच लिहिणार. मी आयुष्यभर हाली-कलदार लोकांना सांगत आलो आणि घरातले हे दोन आकडे शेजारी ठेवून कधी बघितले नाहीत. मला फार वाईट वाटायलंय.

आत्या, बार्शी: तात्या, अजून एक बघ. सातास सहा हा सरकारी भाव. सराफ बट्टा घेतल्याबिगर सोडायचा नाही, मी डोळ्यानं बघितलंय. मग बापूच्या हातात पुरे सहाशे कसे पडले? बट्टा त्यानं पदरचा भरला असणार. आणि कुणाला बोललापण नाही.

काकू, पुणे: आत्या, मला रडू आवरेना. त्या बैठकीत माझे सासरेही होते.

दादा, न्यू जर्सी: बापूकाकांचे नातू सोलापूरला असतात ना? मी दोन्ही कागद आणि हिशोब नीट लिहून त्यांना पाठवू का?

आत्या, बार्शी: कागद मागून पाठव. आधी फोन मी करते. त्यांच्या आईला मी लहानपणापासून ओळखते. छकुले, नंबर काढून दे, आणि तो कागद तात्याकडं दे, तोपर्यंत पेटीत परत टाकू नको.