व्हिएतनामला जाऊन आले, एजंट ऑरेंजचं अजून खरंच चालू आहे का?

मिसळ_आणि_पासपोर्ट
मागच्या महिन्यात सासूसासऱ्यांना घेऊन ग्रुप टूरने व्हिएतनामला जाऊन आले. हो ची मिन्ह सिटीतून कू चीचे युद्धातले बोगदे बघायला नेतात ना, त्या रस्त्यात बस एका वर्कशॉपला थांबते. तिथे ओळीने माणसं बसलेली, कुणाला एक हात नाही, कुणाचे पाय लुळे, आणि सगळे मान खाली घालून अंड्याच्या टरफलाचे नखाएवढे तुकडे चिमट्याने उचलून काळ्या फळीवर चिकटवतायत, त्याचं मग कमळ होतं नाहीतर बदक होतं आणि वरून लाखेचा थर. गाइड म्हणाला, हे सगळे एजंट ऑरेंजचे, म्हणजे युद्धात अमेरिकेने विमानातून मारलेल्या विषारी तणनाशकाचे बळी. त्यात एक पोरगी जेमतेम विशीची असेल. सासूबाई हळूच मला म्हणाल्या, अगं ती लढाई आमच्या लग्नाच्या वेळची, हिचा काय संबंध? मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी वॉर म्युझियम. एका खोलीच्या भिंतीच नारिंगी आहेत आणि त्यावर जे फोटो आहेत ते मी दोन मिनिटांच्या वर बघू शकले नाही, बाहेर येऊन बसले.

तर प्रश्न असा की पन्नास वर्षं उलटल्यावर एखादं विष तिसऱ्या पिढीपर्यंत पोचतं का, की टुरिस्ट लोकांच्या खिशात हात घालायला हे सांगतात? आणि हसू नका, पण आम्ही रोज मासे खाल्लेत, बदकही खाल्लंय, नवरा टेन्शनमध्ये आहे.

रिकामा_बीकर
ताई, सासूबाईंनी बरोबर नस पकडली. उत्तर लांबडं आहे, चहा घेऊन बसा. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, सवय जात नाही.

व्हिएतनाम युद्धात, १९६२ ते १९७१, अमेरिकेने तिथे विमानातून तणनाशकं मारली. जंगलाची पानं झडली की खाली लपलेला माणूस दिसतो, आणि भात जळला की त्याला जेवण मिळत नाही, असा साधा हिशेब. सगळी मिळून ७ कोटी लिटरच्या वर. ड्रमवर ज्या रंगाचा पट्टा ते नाव, ऑरेंज, व्हाइट, ब्लू. (ब्लूमध्ये आर्सेनिकचं संयुग होतं, ते भातावर मारायचे, त्याबद्दल कुणी बोलतच नाही.) ऑरेंज म्हणजे टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी निम्मं निम्मं.

आता खरी मेख. ज्याने एवढा घोळ घातला ते औषध नव्हेच, ती त्यातली घाण. टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना तापमान चढलं की टीसीडीडी नावाचं डायॉक्सिन आपसूक तयार होतं, कुणी ते मुद्दाम घालत नाही. सगळ्या ड्रममधलं गोळा केलं तरी काहीशे किलो भरेल. पण ते पाण्यात विरघळत नाही, चिखलाला चिकटतं आणि प्राण्याच्या चरबीत जाऊन बसतं. माणसाच्या अंगातलं निम्मं कमी व्हायला साधारण ७ ते ११ वर्षं लागतात, आणि निम्म्याचं निम्मं व्हायला परत तेवढीच.

जिथे नुसती फवारणी झाली तिथलं वरच्या मातीतलं उन्हाने काही वर्षांत तुटलं, त्यामुळे तुम्ही बघितलेलं सगळं जंगल विषारी वगैरे नाही. अडचण आहे जिथे ड्रम साठवले, भरले, धुतले तिथे. दा नांग, बिएन होआ, फू कात हे तिन्ही विमानतळ. गळती मातीत, माती तळ्यात, तळ्यातल्या गाळातून मासा आणि बदक, आणि मग ताट. आईच्या अंगावरच्या दुधातूनही जातं, त्यातही पहिल्या बाळाला जास्त. म्हणजे त्या विशीतल्या मुलीने विमान बघायची गरज नाही, तिच्या आईने कुठल्या तळ्यातले मासे खाल्ले हा प्रश्न आहे.

तुमच्या आठ दिवसांच्या माशांनी काही होत नाही. धोका त्या ठरावीक तळ्यांतलं वर्षानुवर्षं खाणाऱ्याला, आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. दा नांगला उतरला असाल तर त्याच विमानतळाच्या आवारातली सुमारे ९० हजार घनमीटर माती भल्यामोठ्या बंदिस्त खोक्यात भरून ३३५ अंशांच्या वर भाजून काढली, अमेरिकेच्याच पैशाने, २०१८ ला संपलं. बिएन होआचं काम त्याच्या कितीतरी पट मोठं आहे, २०१९ ला सुरू झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा खड्डे खणलेले असताना मध्येच थांबलं. पुढे परत चालू केलं म्हणा.

बांधावरून
काका एक मिनिट. टू-फोर-डी म्हणजे आमच्या कृषी केंद्रात मिळतं तेच का? गव्हात, उसात मारतात ते? तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याने बांधापलीकडं मारलं, वारा नेमका आमच्या बाजूला, माझ्या दीड एकर कपाशीची पानं आखडून भेंडीच्या पानासारखी बोटं बोटं झाली. बोंडं धरलीच नाहीत. ते विमानातून मारायचे?

रिकामा_बीकर
तेच. पण टीसीडीडी येतं ते दुसऱ्या भावातून, टू-फोर-फाइव्ह-टीतून, आणि ते जगात जवळजवळ सगळीकडून केव्हाच गेलं. तुमच्या डब्यात ती भानगड नाही. याचा अर्थ उघड्या हाताने काडीने ढवळावं असा नाही. कपाशी त्याला फार नाजूक आहे, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सरळ_प्रश्न
सगळं ठीक पण सिद्ध झालंय का नाही एवढं सांगा ना कुणीतरी. उगाच भावनिक फोटो दाखवून काय होतंय. ज्याला त्याला काहीही झालं की एजंट ऑरेंज.

नाइटशिफ्ट_परिचारिका
दादा, "सिद्ध" कुणासाठी ते आधी ठरवा, कारण मी जिथे काम करते तिथे याची दोन उत्तरं आहेत.

मी अमेरिकेत नर्स आहे, माजी सैनिकांच्या वॉर्डात काही वर्षं काढलीत. पंचाहत्तरीचे आजोबा येतात, डोक्यावर टोपी, टोपीवर व्हिएतनामचा शिक्का, पोटात इन्सुलिन टोचताना मला विचारतात तू इंडियन का, मग कढीपत्त्याच्या गप्पा. त्यांना टाइप टू डायबेटीस आहे. १९६२ ते १९७५ मध्ये तुमचा पाय व्हिएतनामच्या जमिनीवर लागला होता एवढा कागद दाखवला की पुरे, औषध अंगावर पडलं आणि त्यानेच शुगर झाली हे त्यांना सिद्ध करावं लागत नाही, कायदाच तसं धरून चालतो. १९९१ चा कायदा आहे. यादीत लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) आहे, प्रोस्टेटचा कॅन्सर, पार्किन्सन्स, २०२२ पासून बीपी पण. सैनिकाच्या मुलाला स्पायना बायफिडा (पाठीचा कणा जन्मतःच नीट न मिटलेला) असेल तर त्यालाही भत्ता.

आणि तिकडे व्हिएतनामच्या गावातली जी बाई त्या विमानाखाली भात लावत होती तिला? व्हिएतनामी लोकांनी न्यूयॉर्कच्या कोर्टात हे औषध बनवणाऱ्या कंपन्यांवर केस केली, २००५ मध्ये फेटाळली, सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ऐकायलाच नकार दिला. त्रान तो न्गा म्हणून बाई आहेत, त्या काळात पत्रकार होत्या, त्यांनी फ्रान्समध्ये केस लावली, २०२४ मध्ये अपिलातही हरल्या, कारण कंपन्या म्हणे सरकारच्या हुकमाने माल बनवत होत्या. मी आजोबांचा भत्ता काढा म्हणत नाहीये, त्यांना मिळायलाच हवा. पण एकाला संशयाचा फायदा आणि दुसरीला म्हणायचं पुरावा आण, हे मला तरी पचत नाही.

बांधावरून
आणि त्या कंपन्यांतली डाऊ म्हणजे ती भोपाळवालीच ना, युनियन कार्बाइड विकत घेतलेली? म्हणजे २००१ ला घेतली, गॅस त्याच्या सोळा वर्षं आधी, १९८४ लाच सुटला होता, पण लोक जातात कुठं दार वाजवायला.

फुप्फुसवाला
छातीचा डॉक्टर आहे, सरळ_प्रश्न यांच्या मुद्द्यात तथ्य आहे म्हणून लिहितो.

तुलना करा. २८ जून १९८७ ला इराकने इराणच्या सरदश्त या कुर्दी गावावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले, बाजारपेठेत, भर वस्तीत. पुढच्या मार्चमध्ये हलब्जा, म्हणजे इराकमधलंच कुर्दी गाव, तिथे साधारण ५ हजार माणसं गेली. जे वाचले ते आजही खोकतायत. साधा एक्स-रे पुष्कळदा नॉर्मल दिसतो, पण श्वास सोडायला लावून सीटी काढला की बारीक नळ्या बुजल्यामुळे जिथे हवा अडकलीये ते काळे ठिपके दिसतात. डोळ्यांचं तर अजून विचित्र, वीस वर्षं बरा असलेला डोळा परत लाल होतो आणि बुबुळाचा पारदर्शक पडदा गढूळ होत जातो. तिथे बॉम्बची तारीख आहे, गाव आहे, आणि फुप्फुसावर सही आहे.

डायॉक्सिन सही करत नाही. कानामागे आणि गालावर फोड येतात, क्लोरॅक्ने म्हणतात, तेवढी एक खूण, तीही पुढे विरते. बाकी लिम्फोमा, डायबेटीस हे नाशिकच्या पेशंटलाही होतात. टीसीडीडीने माणसाला कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९७ पासून मान्य केलंय. पण समोर बसलेल्या या एका माणसाला त्यानेच झाला का, हे कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही. जन्मजात व्यंगाबद्दल उंदरांमध्ये शंका नाही, टाळू दुभंगते, किडनी बिघडते. माणसांमध्ये वाद आहे, कारण युद्धात खेड्यापाड्यात जन्माची वही कोण ठेवणार. सायगावच्या (आजचं हो ची मिन्ह सिटी) तू दू हॉस्पिटलमध्ये डॉ. न्गुएन थी न्गोक फुओंग यांनी अशा बाळंतपणांच्या नोंदी ठेवायला घेतल्या, लोक खोटं म्हणाले तरी सोडलं नाही, २०२४ चं मॅगसेसे त्यांना मिळालं.

त्यामुळे ताई, गाइडचं "हे सगळे" मला पटत नाही. त्या रांगेत पोलिओवाले असतील, सुरुंगाने हात गेलेले असतील, काही डायॉक्सिनचे असतील. कोण कुठला ते त्यांना स्वतःलाही माहीत नसेल.

सरळ_प्रश्न
हे पटलं. धन्यवाद डॉक्टर. टोपीवाल्या आजोबांचं माहीत नव्हतं.

मिसळ_आणि_पासपोर्ट
सगळ्यांचे आभार, मोठ्याने वाचून दाखवलं घरात. नवरा माशांच्या बाबतीत सुटला. सासूबाई मात्र नाही. आम्ही तिथून बदकाचं चित्र असलेली फळी आणलीय, हॉलमध्ये लावायची होती, ती त्यांनी परत कागदात गुंडाळून माळ्यावर टाकली. म्हणतात ती टरफलं बदकाच्याच अंड्यांची असतात, बदक कुठल्या तळ्यातलं कुणाला माहीत. काका, आता तुम्हीच सांगा यांना.

रिकामा_बीकर
टरफल म्हणजे जवळजवळ चुनखडीच, त्यात चरबी कुठली. काढा माळ्यावरून, फडक्याने पुसा आणि लावा.