वस्तीतल्या मुलांसाठी मोफत संगीतवर्ग: आधी वाद्यं की शिक्षक?

नवखा_ठेका: कोल्हापुरातल्या राजेंद्रनगर भागातल्या ८ ते १४ वयाच्या २५ मुलांसाठी जूनपासून मोफत गाणं-तबल्याचा वर्ग काढायचाय. महापालिका शाळेतली एक खोली संध्याकाळी मिळेल. ४ तबला-डग्गे आणि २ पेट्यांपुरते पैसे जमलेत. शिकवायला ओळखीचे एकजण फुकट यायला तयार आहेत. काय काय घेऊ?

पेटी_दुरुस्ती: आधी शिक्षकाचं वर्षाचं मानधन बाजूला काढा, उरेल त्यात वाद्यं. फुकट येणारा माणूस गणपतीत आणि लग्नसराईत कार्यक्रमांना जाणारच, त्याचं पोट त्यावर आहे. खोलीला दोनदा कुलूप दिसलं की पोरं तिसऱ्यांदा फिरकत नाहीत.

एक पेटी, तबला-डग्ग्याचे दोन जोड पुरेत. मिरज जवळ आहे म्हणून तंबोऱ्याच्या मोहात पडू नका. एक धक्का लागला की भोपळा गेला. मोबाइलवरचा तंबोरा चालतो.

जूनमध्ये सुरू करताय म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या पावसात पट्टीचं लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही आणि सूर रडत राहतो. पेटी जमिनीपासून फूटभर वर, भिंतीला न टेकवता कपाटात ठेवा. वरून प्लास्टिक घालू नका, ओल आतच कोंडते. तबल्यावर ओला हात पडला की शाई (मधला काळा गोल) भेगाळते, म्हणून दाराशी एक पंचा टांगा. तबला सुरात लावायची हातोडी मात्र शिक्षकाकडेच. पोरं गजऱ्यावर (काठाच्या विणलेल्या वादीवर) एकाच जागी ठोकतात, मग त्याच्या १६ घरांतलं एक चढतं आणि बाकीची उतरलेलीच राहतात.

हलगी_घुमकं: दोन जोडांवर आळीपाळीनं चार पोरं बसतील, उरलेली २१ काय करणार? पहिला महिना सगळ्यांना हातावर केरवा (आठ मात्रांचा ताल) द्या: धा गे ना ती, न क धिं ना. पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता बाजूला. निम्म्यांनी बोल म्हणायचे, निम्म्यांनी टाळी, मग अदलाबदल. लय मिनिटाला ६० मात्रा. पोरं पळतात ती खालीच्या मात्रेवर, कारण तिथे आवाजच नसतो. तिथला ‘न’ मोठ्यानं म्हणायला लावा, लय जागेवर येते.

हलगी घेणार असाल तर फायबरच्या पानाची घ्या. कातड्याची पावसात शेकावी लागते, आणि शाळेच्या खोलीत जाळ कोण करू देणार?

नवखा_ठेका: दोघांचेही आभार. शिक्षक काळी एकमध्ये गातात, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून. मुलांनाही तीच पट्टी चालेल का?

पेटी_दुरुस्ती: नाही. पोरं एकतर खाली पुटपुटतात नाहीतर वर किंचाळतात. काळी चार किंवा पाच धरा आणि भूप रागाच्या पाच सुरांवर अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे) घ्या. तेरा-चौदाच्या पोरांचा आवाज फुटायला लागला की त्यांना तारसप्तकात (वरच्या सुरांत) ओढू नका. तेवढे महिने तबल्यावर बसवा, नाव मात्र गाण्याच्या हजेरीतच राहू दे.