मदत हवी आहे: टेस्टिंगच्या गाडीचे फोटो टाकू, पण ऐकलेलं लिहू का?

चाकणजवळ काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या वेष्टनातली, अजून बाजारात न आलेली एक टेस्टिंगची गाडी टपरीसमोर उभी दिसली. फोटो काढले. ते टाकायला मला काही वाटत नाही. रस्ता सार्वजनिक, आणि एम्बार्गोवर (ठरलेल्या तारखेआधी माहिती छापणार नाही, या कंपनीसोबतच्या करारावर) सही मी केलेली नाही. महिंद्राची थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली, त्याआधी कितीतरी महिने तिचे असे फोटो फिरतच होते की!

अडचण वेगळीच आहे. ही गाडी आधीच चालवलेला एक पत्रकार मित्र बोलता बोलता इंजिन आणि फीचर्सबद्दल बरंच सांगून गेला. त्याने मात्र सही केलीय. बातमी फुटली तर पत्रकारांसाठीच्या पुढच्या टेस्ट ड्राइव्हचं त्याला आमंत्रण बंद! नाव न घेता लिहिलं तरी कंपनीला माग लागतो का? या क्षेत्रातलं कुणी आहे का इथे?