मराठवाड्यातील उष्मा आणि बेल्जियन एल

छत्रपती संभाजीनगरच्या उन्हाळ्यात बेल्जियन पद्धतीची एल (बिअरचा एक प्रकार) नीट आंबेल का आणि तिच्यात घालतात त्या कँडी साखरेऐवजी खडीसाखर चालेल का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत थोडी भर घालतो. लातूरकडचे आम्ही काही मित्र बेल्जियममधील ल्युव्हेन शहरात शिकत असताना मिळून ही बिअर करत असू, त्या अनुभवावरून लिहीत आहे. महाराष्ट्रात परवान्याविना मद्यनिर्मिती हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

उष्णतेची भीती सगळ्याच यीस्टना सारखी लागू होत नाही. दक्षिण बेल्जियममधील वालोनियात होणाऱ्या सेझाँ प्रकारच्या एलची यीस्ट 25 ते 30 अंशांतही उत्तम काम करते आणि मिरी-लवंगेकडे झुकणारा गंध देते. मात्र पहिले दोन-तीन दिवस तापमान 20-22 अंशांच्या आसपास राखावे, कारण आंबण्याच्या क्रियेतूनच ते आणखी काही अंशांनी वाढते आणि आरंभीच फार चढले, तर थिनरसारखा उग्र वास बिअरमध्ये राहून जातो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत भांड्याभोवती ओले गोणपाट गुंडाळणे यासाठी खरोखर उपयोगी आहे.

खडीसाखर निःसंशय चालेल. बेल्जियममधील साखर बिटाची, आपली उसाची, पण मूळ शर्करा एकच. गूळ घातला, तर मात्र त्याची चव बिअरमध्ये उतरते. ती डुबेल या गडद बेल्जियन एलला शोभते, ट्रिपेल या फिकट एलला नाही.

सर्वाधिक काळजी बाटल्या भरताना घ्यावी. सेझाँच्या अनेक यीस्ट इतर यीस्टना न पचणारी डेक्स्ट्रिनेही (धान्यातील गुंतागुंतीच्या शर्करा) सावकाश पचवत राहतात आणि त्यातून वायू तयार होत राहतो, त्यामुळे हायड्रोमीटरवरील (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणावरील) आकडा सलग काही दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटली बंद करू नये. अन्यथा आतल्या दाबाने काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.